विश्लेषण : जुनी गाडी ऑइल खाऊ लागली, म्हणजे इंजिन उघडायचेच का?

जुन्या गाडीच्या मालकाला सर्वांत जास्त धास्ती घालणारे गॅरेजमधले वाक्य म्हणजे ‘गाडी ऑइल खातेय, इंजिनाचे काम काढावे लागेल.’ या एका वाक्यात दोन विधाने आहेत. पहिले बहुतेक वेळा खरे असते. दुसरे मात्र पुष्कळदा कोणतेही मोजमाप न करता केलेले असते. ऑइल कमी होण्याची कारणे शे-दोनशे रुपयांच्या वॉशरपासून पाच आकडी बिलाच्या रिंग-पिस्टनपर्यंत कुठेही सापडू शकतात. त्यामुळे कारण शोधण्याचा क्रम चुकला तर बिल वाढते आणि कधी कधी एवढे करूनही ऑइल जायचे थांबत नाही. हा क्रम कसा असावा आणि तो पाळला जाण्याचा आग्रह मालकाने का धरावा, याविषयी.

किती ऑइल कमी होणे साहजिक?

थोडे ऑइल प्रत्येक इंजिन जाळते. पिस्टन वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर राहावाच लागतो आणि त्यातला किंचित भाग इंधनाबरोबर जळतो. प्रश्न असतो तो किती जळते याचा. काही युरोपीय कंपन्यांच्या हस्तपुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्धा ते एक लिटर ही कमाल मर्यादा म्हणून दिलेली आढळते. ही मर्यादा फारच सैल आहे. सुस्थितीतील लहान पेट्रोल कारमध्ये दोन सर्व्हिसच्या दरम्यान वरून ऑइल घालण्याची वेळ सहसा येत नाही.

हजार किलोमीटरला ३०० मिलिलिटर हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण सर्व्हिसचे अंतर दहा हजार किलोमीटर असेल, तर तेवढ्यात तीन लिटर ऑइल संपते. लहान पेट्रोल कारच्या इंजिनात मुळात ऑइल असते तेच साधारण तीन लिटरच्या आसपास. म्हणजे मध्ये कुणी डिपस्टिक पाहिली नाही, तर पुढच्या सर्व्हिसपर्यंत चेंबर जवळपास रिकामे झालेले असेल. अर्थात गाडी तिथवर पोहोचणारच नाही.

डॅशबोर्डवरचा दिवा आधी सांगत नाही का?

इथे मोठा गैरसमज आहे. बहुतेक जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवरचा ऑइलच्या झारीचा लाल दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही. तो ऑइलचा दाब दाखवतो. ऑइल इतके कमी झाले की पंप मध्येच हवा ओढू लागतो, तेव्हा दाब पडतो आणि दिवा लागतो. वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर हा दिवा क्षणभर लुकलुकला, तरी त्याचा अर्थ चेंबरमधले ऑइल तळाला गेले आहे असाच घ्यायला हवा. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करणे हाच मार्ग असतो. ‘पुढच्या पंपापर्यंत नेऊ’ म्हणत काढलेले दोन किलोमीटर क्रँकच्या बेअरिंगांना संपवू शकतात. मग जे काम कदाचित गाइड सीलवर भागले असते, ते पूर्ण इंजिनावर जाते.

म्हणून जुन्या गाडीसाठी पहिला उपाय फुकटाचा आहे : दर पंधरवड्याला आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी डिपस्टिक पाहणे.

मोजणी कशी करावी?

‘ऑइल फार जाते’ ही तक्रार असते. ‘हजार किलोमीटरला ४०० मिलिलिटर जाते’ हे निदानाचे पहिले पाऊल असते. या दोहोंतले अंतर घरच्या घरी पार करता येते. त्यासाठी गाडी सपाट जागी उभी करावी, शक्यतो सोसायटीच्या पार्किंगमध्ये दर वेळी त्याच ठिकाणी. गरम इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वरचे ऑइल चेंबरमध्ये उतरते. डिपस्टिक पुसून पुन्हा घालून पाहावी. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरावे, त्याहून जास्त नाही. किलोमीटरचा आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवावा. दर दोन-तीनशे किलोमीटरला पातळीवर लक्ष ठेवावे. हजार किलोमीटर झाल्यावर त्याच जागी, त्याच पद्धतीने पुन्हा खुणेपर्यंत भरावे आणि त्यासाठी किती ऑइल लागले ते मापाने मोजावे.

जास्त भरणे हाही दोष ठरतो. ऑइल वरच्या खुणेच्या बरेच वर गेले की क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि श्वासनळीतून, म्हणजे ब्रीदरमधून, ते थेट इंजिनात ओढले जाते. सर्व्हिसच्या वेळी हात सैल सोडून ओतलेले ऑइल पहिल्या हजार किलोमीटरमध्ये ‘खाल्ले’ गेल्याचे दिसते, ते अनेकदा यामुळेच.

मुंबई-पुण्यातल्या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. कोंडीत किलोमीटर कमी पडतात, पण इंजिनाचे तास मोजलेच जातात. त्यामुळे शहरातला आकडा महामार्गावरच्या आकड्यापेक्षा जास्त दिसू शकतो. तुलना करायची तर एकसारख्या वापराची करावी.

ऑइल जाते तरी कुठे?

ऑइलला जायला मुख्यतः दोन वाटा आहेत. ते इंजिनाबाहेर गळते किंवा इंजिनात जळते. कधी हेड गॅस्केट गेल्याने ते रेडिएटरच्या पाण्यातही मिसळते, पण त्याची लक्षणे वेगळी असतात : पाण्यावर तवंग येतो किंवा ऑइल दुधट होते.

गळती आधी पाहावी, कारण ती शोधणे स्वस्त असते. टॅपेट कव्हरचे पॅकिंग, ड्रेन प्लगचा वॉशर, ऑइल फिल्टरची बैठक, ऑइल प्रेशर स्विच आणि क्रँकचे पुढचे-मागचे सील ही नेहमीची ठिकाणे. जमिनीवर डाग नाही म्हणजे गळती नाही, असे मात्र नसते. काही गळती इंजिन चालू असताना, दाबाखालीच होते. टॅपेट कव्हरमधून झिरपलेले ऑइल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडून तिथेच जळते. सिग्नलला थांबल्यावर करपट वास येतो, तो याचा. इंजिन बाहेरून स्वच्छ धुऊन, दोन दिवस गाडी चालवून मग टॉर्चने पाहिले की ओल कुठून सुरू होते ते कळते. ऑइल वरून खाली ओघळते आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे पसरते, म्हणून सर्वांत खालचा ओला भाग हा उगम समजू नये.

मागच्या क्रँक सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ते काम मजुरीचे असते. त्यामुळे क्लच बदलायचा असेल तेव्हाच हे सीलही बदलून घेणे शहाणपणाचे ठरते.

सर्वांत स्वस्त संशयित कोण?

पिस्टनच्या कडेने थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरतो. तो साठून दाब वाढू नये म्हणून पीसीव्ही व्हॉल्व्ह नावाची छोटी झडप तो पुन्हा इंजिनाच्या हवेच्या वाटेत सोडते. जुन्या गाडीत ही झडप काजळीने तुंबते किंवा उघडीच अडकते. उघडी अडकली तर वायूबरोबर ऑइलचे तुषारही ओढले जातात आणि जळतात. तुंबली तर चेंबरमधला दाब वाढून सगळ्या सीलमधून ऑइल बाहेर ढकलले जाते.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण गॅरेजमध्ये रिंगा गेल्याचा ‘पुरावा’ म्हणून एक प्रयोग हमखास केला जातो. चालू इंजिनाचे ऑइल भरण्याचे झाकण उघडतात, तिथून फसफस धूर येतो आणि ‘बॅक कॉम्प्रेशन आहे, इंजिन गेले’ असा निकाल दिला जातो. परंतु पीसीव्ही तुंबला असेल तरी नेमके हेच दिसते. शिवाय थोडी वाफ तर सुस्थितीतल्या गरम इंजिनातूनही येते. ही झडप आणि तिच्या नळ्या साफ करून किंवा बदलून तोच प्रयोग पुन्हा केला आणि तरीही धुराचा जोर कायम राहिला, तरच रिंगांवरचा संशय बळावतो. बहुतेक लहान गाड्यांत हा सुटा भाग स्वस्त असतो आणि बदलायला फार वेळ लागत नाही. त्याआधी इंजिन उघडण्याची भाषा करणे म्हणजे तापाचे कारण न पाहता शस्त्रक्रिया सुचवणे.

धूर केव्हा येतो, यावरून काय कळते?

ऑइल जळल्याचा धूर निळसर असतो. काळा धूर जास्तीच्या इंधनाचा असतो. सकाळी क्षणभर दिसणारी पांढरी वाफ निव्वळ पाण्याची असते, मात्र ती सतत येत राहिली तर कूलंट जळत असू शकते. धुराच्या रंगाइतकीच त्याची वेळही महत्त्वाची आहे.

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच निळा भपकारा येऊन मिनिटभरात थांबत असेल, तर पहिला संशय व्हॉल्व्हच्या गाइड सीलवर घ्यावा. ही रबरी टोपणे वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतात आणि वरचे ऑइल थेंबथेंब सिलिंडरमध्ये उतरते. दुसरी खूण घाटात दिसते. कसारा किंवा खंबाटकी गिअरमध्ये उतरताना पाय अॅक्सिलरेटरवरून काढलेला असतो. हवेच्या वाटेत जोराची पोकळी तयार होते आणि ती कडक झालेल्या सीलमधून ऑइल ओढते. उतार संपून अॅक्सिलरेटर दाबला की मागच्या गाडीला निळा ढग दिसतो. याउलट घाट चढताना, पूर्ण भाराखाली धूर सतत येत असेल तर बोट रिंगांकडे जाते.

गाइड सीलसाठी दर वेळी हेड काढावे लागते असेही नाही. अनेक इंजिनांत स्पार्क प्लगच्या भोकातून दाबाची हवा भरून व्हॉल्व्ह जागेवर धरतात आणि वरूनच सील बदलतात. हे करू शकणारा मिस्त्री शोधण्याचे कष्ट मजुरीत वसूल होतात.

धूर अजिबात दिसत नाही म्हणून ऑइल जळत नाही, असेही समजू नये. थोडे थोडे जळणारे ऑइल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पचवून टाकतो. तेव्हा स्पार्क प्लग काढून पाहावेत. एकाच प्लगवर ओलसर काळा थर असेल, तर दोष त्याच सिलिंडरमध्ये आहे हे कळते.

टर्बो डिझेल गाड्यांत संशयितांच्या यादीत टर्बोची भर पडते. त्याचे सील गेले की इंटरकूलरच्या पाइपात ऑइल साचू लागते. पाइपाला किंचित ओल असणे चालते, पण ऑइलचा ओघळ चालत नाही. हे दुखणे लांबणीवर टाकू नये. साचलेले ऑइल एकदम ओढले गेले तर डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलवर बेफाम फिरू लागते आणि चावी बंद करूनही थांबत नाही.

कॉम्प्रेशन चांगले, तरी ऑइल का जळते?

इथवर काहीच सापडले नाही, तर मोजणीची साधने काढावी लागतात. कॉम्प्रेशन चाचणीत प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजतात. इंजिन गरम असावे, सगळे प्लग काढलेले असावेत, बॅटरी पूर्ण चार्ज असावी आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असावा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यांत दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक फरक असेल तर तो बोलका असतो. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दोष रिंगा किंवा सिलिंडरच्या भिंतीचा असतो, वाढला नाही तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा.

पण ही चाचणी पूर्ण उत्तर देत नाही. पिस्टनवर साधारण तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः वायू अडवतात. तिसरी भिंतीवरचे ऑइल खरवडून मागच्या भोकांतून चेंबरमध्ये परत पाठवते. या भोकांत काजळी बसली आणि तिसरी रिंग जागेवर चिकटली, तर कॉम्प्रेशनचा आकडा उत्तम येतो, गाडी जोमाने पळते आणि ऑइल मात्र जळत राहते.

याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. २००७ ते २००९ च्या कॅमरीसह टोयोटाच्या काही गाड्यांतील २.४ लिटर पेट्रोल इंजिनांबाबत ऑइल जळण्याच्या तक्रारी आल्या. कंपनीने २०११ मध्ये डीलरांसाठी जी तांत्रिक सूचना काढली, तिच्यात थेट इंजिन उघडायला सांगितले नव्हते. आधी ऑइल भरून गाडी बाराशे मैल चालवायची आणि मग मोजायचे. एक क्वार्टपेक्षा जास्त, म्हणजे सुमारे १,९३० किलोमीटरला ०.९५ लिटरहून अधिक ऑइल गेले, तरच पिस्टन आणि रिंगा बदलायच्या. पुढे कंपनीने या दुरुस्तीसाठीची हमीही वाढवून दिली. दोष कुठे आहे हे माहीत असलेली कंपनीसुद्धा मोजल्याशिवाय इंजिन उघडत नव्हती, हा यातला धडा.

आता स्पार्क प्लगच्या भोकातून जाणारा, मोबाइलला जोडता येणारा बारीक कॅमेराही परवडणाऱ्या किमतीत मिळतो. सिलिंडरच्या भिंतीवर कारखान्यात पाडलेल्या तिरप्या रेघा शाबूत आहेत की उभे ओरखडे पडले आहेत, हे मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. रेघा शाबूत असतील, तर रिंगा झिजलेल्या नसून चिकटलेल्या असण्याची शक्यता वाढते. अशा वेळी सिलिंडरमध्ये काजळी सोडवणारे द्रावण रात्रभर ठेवण्याचा उपाय करून पाहता येतो. हमखास गुण येईलच असे नाही. मात्र उरलेले द्रावण पूर्ण बाहेर काढल्याशिवाय प्लग लावून इंजिन फिरवू नये आणि नंतर ऑइल-फिल्टर बदलणे टाळू नये.

जाड ऑइल किंवा ‘ट्रीटमेंट’चा उपयोग होतो का?

‘जाडे ऑइल टाका, बंद होईल’ हा सल्ला अर्धा खरा आहे. कंपनीच्या हस्तपुस्तिकेत हवामानानुसार एकाहून अधिक ग्रेड दिलेल्या असतील, तर त्यातली एक पायरी जाड ग्रेड वापरायला हरकत नाही. पण ५डब्ल्यू-३० साठी बनलेल्या इंजिनात थेट २०डब्ल्यू-५० ओतले, तर सकाळी ते वरच्या भागांपर्यंत पोहोचायला उशीर लागतो. ज्या इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ ऑइलच्या दाबाने बदलते, तिथे वेगळ्याच तक्रारी सुरू होतात.

बाटलीतली ‘ऑइल ट्रीटमेंट’ मुख्यतः ऑइल घट्ट करते. धूर काही काळ कमी दिसतो, झीज तिथेच राहते. जुनी गाडी विकण्याआधी हा प्रयोग होऊ शकतो, म्हणून घेणाऱ्याने गाडी पूर्ण थंड असताना स्वतः सुरू करून पाहावी. वर्षानुवर्षे ऑइल न बदललेल्या इंजिनात फ्लश टाकणेही जोखमीचे असते. सुटलेला गाळ पंपाच्या जाळीत जाऊन अडकू शकतो. त्यापेक्षा चांगले ऑइल घालून दोन-तीन वेळा लवकर बदलणे बरे.

इंजिन उघडायचेच ठरले तर?

मग अर्धवट काम करू नये. सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते सिलिंडर न मोजता नुसत्या रिंगा बदलण्यात. बोअर लंबगोल झाला असेल, तर नव्या गोल रिंगा त्याला चिकटून बसत नाहीत आणि काही हजार किलोमीटरमध्ये ऑइल पुन्हा जाऊ लागते. लेथवाल्याने प्रत्येक सिलिंडरचे वर, मध्ये, खाली असे घेतलेले माप कागदावर मागावे. ते कंपनीच्या मर्यादेत असेल तर होनिंग आणि रिंगा पुरतात. नसेल तर बोअर करून मोठे पिस्टन किंवा नवे लाइनर लागतात. काढलेले जुने भाग परत मागावेत. पहिल्या हजार किलोमीटरनंतर ऑइल बदलावे आणि मोजणी तशीच चालू ठेवावी.

काहीच न करणे परवडते का?

कधी कधी परवडते. हजार किलोमीटरला २०० मिलिलिटर जाणारी, वर्षाला आठ हजार किलोमीटर चालणारी गाडी वर्षभरात दीड-पावणेदोन लिटर ऑइल मागते. लिटरला ४०० रुपये धरले, तर हा खर्च सहा-सातशे रुपयांचा. त्यासाठी पाच आकडी रक्कम खर्चून इंजिन उघडण्यात हिशेब बसत नाही. डिकीत एक बाटली आणि महिन्यातून दोनदा डिपस्टिक एवढ्यावर भागते.

या हिशेबाला दोन मर्यादा आहेत. आकडा वाढत चालला असेल, तर थांबण्यात अर्थ नाही. ऑइलमधील फॉस्फरस आणि जस्ताची संयुगे जळून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू निकामी करतात आणि तो भाग महाग असतो. दुसरी मर्यादा धुराची. पेट्रोल गाडीच्या पीयूसी चाचणीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, तेही जागेवर उभ्या असलेल्या गाडीत. घाट चढताना निळा धूर सोडणारी गाडी तिथे उत्तीर्ण होऊ शकते. प्रमाणपत्र मिळाले म्हणून तो धूर मागच्या दुचाकीस्वाराच्या नाकात जायचा थांबत नाही. दिसणारा निळा धूर ही दुरुस्तीची वेळ झाल्याची खूण मानायलाच हवी.

पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावरच्या गाडीसाठी हा हिशेब आणखी नाजूक होतो. एप्रिल २०२२ पासून अशा कारच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. नूतनीकरण पाच वर्षांसाठीच मिळते. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण करही भरावा लागतो. गाडी ठेवायची की भंगारात काढायची, हा निर्णय अनेक घरांत याच टप्प्यावर होतो आणि इंजिनाच्या कामाचे अंदाजपत्रक त्यात निर्णायक ठरते. ते अंदाजपत्रक नुसत्या अंदाजावर बेतलेले असेल, तर धडधाकट गाडी भंगारात जाते किंवा मोडकळीला आलेल्या गाडीवर पैसे ओतले जातात.

जबाबदारी कुणाची?

एकट्या मिस्त्रीला दोष देणे सोपे आहे आणि अपुरेही. ग्राहकच तपासणीचे पैसे द्यायला कुरकुरतो आणि दुरुस्तीचे मात्र देतो. कॉम्प्रेशन चाचणीत तासभर जातो, त्याची मजुरी मिळणार नसेल तर मिस्त्री कानाने आणि नाकानेच निदान करणार. निदानाला स्वतंत्र मोल आहे हे ग्राहकाने मान्य करायला हवे आणि त्या मोबदल्यात गॅरेजने आकडे कागदावर द्यायला हवेत : किती किलोमीटरला किती ऑइल गेले, प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन किती आले, पीसीव्ही तपासला की नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलाबरोबर हे आकडे मागण्याची सवय लागली, तर पुढचा वाद निम्म्याने कमी होईल. कंपन्यांनीही ऑइल जळण्याची मर्यादा हस्तपुस्तिकेच्या कोपऱ्यात न लपवता सर्व्हिस बुकात ठळक छापावी.

तोवर मालकाच्या हाती एक प्रश्न आहे. ‘इंजिनाचे काम काढावे लागेल’ असे कुणी म्हटले, की ‘किती येईल?’ हे नंतर विचारावे. ‘काय मोजले?’ हे आधी.